राखीव खेळाडू आणि राखीव निधी

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वार्षिक अहवालाची पहिली पाने छायाचित्रांची असतात, मधली पाने वैद्यकीय विभागांची असतात आणि शेवटची पाने ताळेबंदाची असतात. शेवटच्या पानांपर्यंत पोचणारे वाचक थोडे असले तरी जे पोचतात ते बारकाईने वाचतात, याचा मला वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून आनंदच वाटतो. अशा वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो. ताळेबंदात ‘राखीव निधी’ अशी एक ओळ असते. दारात रुग्ण उभे असताना हा पैसा नुसता पडून का राहावा, त्यातून एखादी नवी खोली का बांधू नये, असे ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर हिशोबाच्या परिभाषेत देता येईल. परंतु आज मी ते दोन खेळाडूंच्या कारकिर्दीच्या आधाराने देणार आहे. एक आपल्या पुण्याचे आहेत, तर दुसरे दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशाचे. दोघेही व्यावसायिक गोल्फपटू आहेत.

गोल्फ हा काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीतला खेळ नव्हे. आपली मुले कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल खेळतात. त्यामुळे या खेळाचा व्यवहार थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विस्तीर्ण हिरवळीवर अठरा ठिकाणी लहान खळगे केलेले असतात. त्यांना होल म्हणतात. काठीने चेंडू मारत कमीत कमी फटक्यांत एकेका होलमध्ये तो घालायचा असतो. व्यावसायिक स्पर्धा बहुधा चार दिवस चालते आणि चारही दिवसांच्या फटक्यांची बेरीज होते. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता.

या व्यवसायात पगार नाही. प्रवासाचा, निवासाचा आणि सामान वाहणाऱ्या कॅडीचा खर्च खेळाडूने स्वतः करायचा. दुसऱ्या दिवसाअखेर साधारण निम्मे खेळाडू गळतात. त्यांना सामान्यतः बक्षिसाच्या रकमेतील काहीही मिळत नाही. आपल्याकडे तेंदूपत्त्याच्या हंगामावर ज्यांचे वर्षाचे गणित अवलंबून असते त्यांना ही अनिश्चितता समजावून सांगावी लागणार नाही. पानांवर अवकाळी पाऊस पडला की मेहनत तेवढीच होते आणि हाती काही लागत नाही. गोल्फपटूचेही तसेच आहे. नामवंत खेळाडूंच्या कारकिर्दीतही हरलेले आठवडे जिंकलेल्या आठवड्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात. म्हणून या खेळात टिकतो तो, बोलावणे येण्याची शाश्वती नसताना रोज सराव करणारा माणूस.

पुण्याचे उदयन माने हे असे एक खेळाडू. ते २०१५ मध्ये व्यावसायिक झाले आणि देशांतर्गत मालिकेत त्यांनी अनेक विजेतेपदे मिळवली. टोकियो ऑलिम्पिक २०२० मध्ये व्हायचे होते. महामारीमुळे ते एक वर्ष पुढे गेले, गोल्फच्या स्पर्धाही अनेक महिने बंद राहिल्या. ऑलिम्पिकमधील पुरुषांच्या गोल्फसाठी केवळ साठ जागा होत्या. २०२१ च्या जून महिन्यात क्रमवारीची मुदत संपली, तेव्हा भारताच्या अनिर्बान लाहिरी यांना जागा मिळाली. माने मात्र राखीव यादीत राहिले. राखीव म्हणजे, कोणी माघार घेतली तर बोलावणे येणार, नाही तर नाही. पुढे अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलो यांनी माघार घेतली आणि ती जागा माने यांना मिळाली.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. बोलावणे आल्यानंतर तयारी सुरू करणाऱ्याला त्या जागेचा काही उपयोग झाला असता काय? स्पर्धा काही आठवड्यांवर आली होती. जी काही तयारी कामी येणार होती ती बोलावण्यापूर्वी झालेली होती. आणि बोलावणे आलेच नसते तर लोकांनी ती वायफळ ठरवली असती.

टोकियोजवळच्या कासुमिगासेकी मैदानावर पहिल्या दिवशी माने यांना ७६ फटके लागले. त्या मैदानावर अपेक्षित फटके ७१ होते. म्हणजे पहिल्याच दिवशी पाच फटक्यांची तूट आली. एरवीच्या स्पर्धेत अशा सुरुवातीनंतर मन घराकडे वळते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ६९ फटक्यांत फेरी पूर्ण केली. चार दिवसांअखेर त्यांचा क्रमांक छप्पन्नावा आला. पदक मिळाले नाही, सत्कारसमारंभ गाजले नाहीत. परंतु पाच फटक्यांची तूट एका दिवसात दोन फटक्यांनी भरून काढणारा तो दुसरा दिवस मला एखाद्या पदकाइतकाच मोलाचा वाटतो. आपल्या परिचारिका भगिनी रात्रपाळीत एखादा रुग्ण गमावल्यानंतर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा त्याच कक्षात कामावर येतात, तेव्हा त्याही हेच करीत असतात.

बोलावणे अनपेक्षितपणे आलेल्यांत आपल्याच देशाचे अर्जुन अटवाल यांचेही नाव घ्यावे लागेल. २०१० च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मुख्य मालिकेतील त्यांचे स्थान गेले होते. विंडहॅम चॅम्पियनशिप या स्पर्धेत त्यांना थेट प्रवेश नव्हता. सोमवारच्या पात्रता फेरीतून ते आत आले आणि त्याच आठवड्याच्या रविवारी स्पर्धा जिंकले. अमेरिकेच्या त्या मालिकेत विजय मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले.

चार वर्षांनी, २०१४ मध्ये, हीच स्पर्धा ज्यांनी जिंकली ते माझ्या आजच्या विषयातील दुसरे खेळाडू होत. त्यांचे नाव कॅमिलो विलेगास.

विलेगास यांचा जन्म ७ जानेवारी १९८२ रोजी कोलंबियातील मेडेयिन शहरात झाला. कोलंबिया हा कॉफीसाठी प्रसिद्ध असलेला देश. तेथे फुटबॉल आणि सायकलशर्यती लोकप्रिय आहेत, गोल्फ मोजक्यांचा. विलेगास अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात शिकले आणि २००४ मध्ये व्यावसायिक झाले. हिरवळीचा उतार पाहण्यासाठी ते हातापायांवर भार देऊन जवळजवळ जमिनीला समांतर होत, म्हणून प्रेक्षकांनी त्यांना ‘स्पायडरमॅन’ हे नाव दिले. २००८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या मालिकेत बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप आणि टूर चॅम्पियनशिप अशा दोन मोठ्या स्पर्धा लागोपाठ जिंकल्या. त्या मालिकेत जिंकणारे ते पहिले कोलंबियन. २०१० मध्ये फ्लोरिडातील होंडा क्लासिक आणि २०१४ मध्ये विंडहॅम, असे आणखी दोन विजय त्यांनी मिळवले. त्यानंतर यश आटले. खांद्याची दुखापत झाली, क्रमवारी घसरत गेली आणि नियमित खेळण्याचा हक्कही टिकेना.

या विजयांपैकी २०१० च्या होंडा क्लासिककडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. अमेरिकेतील अशा बहुतेक स्पर्धांच्या पाठीशी एखादे धर्मादाय कार्य असते. होंडा क्लासिकमधून उभा राहणारा निधी जॅक आणि बार्बरा निक्लॉस यांच्या बालआरोग्य प्रतिष्ठानाला मिळत असे. जॅक निक्लॉस हे अठरा प्रमुख अजिंक्यपदे जिंकलेले थोर गोल्फपटू. त्यांची कन्या अकरा महिन्यांची असताना रंगखडूचा तुकडा तिच्या श्वासमार्गात गेला होता. बालरुग्णालयातील उपचारांनी ती वाचली. त्या वेळी पतिपत्नींनी मनाशी ठरवले की, पुढे कधी सामर्थ्य आले तर ते मुलांच्या आरोग्यासाठी वापरायचे. २००४ मध्ये त्यांनी प्रतिष्ठान स्थापन केले आणि २०१५ मध्ये मायामी येथील बालरुग्णालयाला निक्लॉस यांचे नाव देण्यात आले.

२०१० मध्ये अठ्ठावीस वर्षांचे विलेगास होंडा क्लासिकचा करंडक उचलत होते, तेव्हा या प्रतिष्ठानाशी त्यांचा संबंध एवढाच होता की त्यासाठी भरलेली एक स्पर्धा ते जिंकले. दहा वर्षांनी, २०२० च्या मार्च महिन्यात, त्यांची दीड वर्षांची मुलगी मिया हिच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी असल्याचे निदान झाले. तिच्यावर शस्त्रक्रिया झाली ती मायामीच्या त्याच निक्लॉस बालरुग्णालयात.

निधीत पडलेल्या पैशावर नाव राहत नाही. तो कोणाच्या उशाशी कोणते यंत्र होऊन उभा राहील हे देणाऱ्याला कळत नाही आणि घेणाऱ्यालाही कळत नाही. परंतु या घटनेतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. मुलगी आजारी पडल्यानंतर कोणताही पिता, मग तो कितीही नामवंत असो, रुग्णालय उभारू शकत नाही. ते त्यापूर्वी कोणीतरी उभारून, सज्ज करून ठेवलेले असावे लागते. ज्यांनी ते केले त्यांना मियाचे नावही ठाऊक नव्हते. तिचा जन्मच झालेला नव्हता.

मिया वाचली नाही. २०२० च्या जुलै महिन्यात, बावीस महिन्यांची असताना ती गेली. उत्तम शल्यविशारद होते, औषधे होती, पैशाची अडचण नव्हती, तरीही ती गेली. मी हे मुद्दाम सांगतो आहे, कारण या सभागृहात असे काही पालक बसले आहेत ज्यांना हे वाक्य स्वतःच्या घरातले वाटेल. रुग्णालयाच्या अहवालात बऱ्या झालेल्यांची छायाचित्रे छापली जातात आणि ते योग्यही आहे. परंतु जे बरे झाले नाहीत त्यांच्यासाठी केलेला खर्च वाया गेला, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. आपल्या मुलासाठी करण्यासारखे जे जे होते ते सर्व झाले, पैशावाचून किंवा वाहनावाचून काही राहिले नाही, एवढे समाधान त्या खर्चातून आईवडिलांच्या वाट्याला येते. ते ताळेबंदात लिहिता येत नाही. मात्र ते ज्यांना मिळाले नाही, त्यांना त्याची किंमत विचारावी.

विलेगास आणि त्यांच्या पत्नी मारिया यांनी मुलीच्या नावे ‘मियाज मिरॅकल्स’ हे प्रतिष्ठान सुरू केले. कठीण परिस्थितीत सापडलेली मुले आणि त्यांची कुटुंबे यांना ते साहाय्य करते. विलेगास पुन्हा मैदानावर उतरले. तीन वर्षे त्यांच्या वाट्याला विजय आला नाही. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांनी बर्म्युडा चॅम्पियनशिप जिंकली. मागच्या विजयाला नऊ वर्षे होऊन गेली होती आणि ते एकेचाळीस वर्षांचे होते. अखेरचा फटका मारल्यानंतर त्यांनी आकाशाकडे पाहिले. वृत्तपत्रांनी त्या क्षणाचे वर्णन पुष्कळ केले. मला मात्र त्याआधीची तीन वर्षे महत्त्वाची वाटतात, ज्यांत हा मनुष्य दुःख बाजूला न सारता, ते बरोबर घेऊन, रोज सरावाला जात होता.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी आपले जंगल, आपल्या नद्या आणि आपले आजार सामाईक राहिले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचा, एटापल्ली, अहेरी या भागांतून येणारा रुग्ण आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा बराच वेळ रस्त्यात खर्च झालेला असतो. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी किंवा कर्करोगाच्या उपचारासाठी ते अंतर अनेकदा कापावेच लागते. सिकलसेलच्या मुलांना रक्त लागते ते वेळ सांगून लागत नाही.

अशा प्रदेशात आधीपासूनची तयारी काय करू शकते, याचा धडा आपल्याच गडचिरोलीने जगाला दिला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या घरच्या घरी करावयाच्या देखभालीचे शिक्षण दिले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जागतिक कीर्तीच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे सर्वांना दिसले. त्या कार्यपद्धतीचे मर्म असे की, बाळ जन्मण्यापूर्वीच गावात शिकलेली बाई आणि तिच्याजवळ आवश्यक साहित्य तयार असते. बाळ आजारी पडल्यावर शोधाशोध सुरू होत नाही.

आपल्या औषधभांडारातील सर्पदंशावरील लस घ्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ती चालते. विषबाधेची लक्षणे दिसणाऱ्या एका रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. दोन रुग्ण एकाच रात्री आले तर वीस. म्हणून साठा ठेवावा लागतो, आणि साठा ठेवला की काही कुप्यांची मुदत संपते. मुदत संपलेला माल हिशोबात तोटा म्हणून लिहावा लागतो. लेखापरीक्षक त्याबद्दल विचारणा करतात आणि ते त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु विश्वस्तांनी व देणगीदारांनी त्या आकड्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे, अशी माझी विनंती आहे. न वापरलेली कुपी म्हणजे बोलावणे न आलेला राखीव खेळाडू होय. तो खेळला नाही म्हणून त्याचा सराव अनाठायी होता, असे म्हणता येत नाही.

अर्थात, राखीव निधी म्हटला की विश्वासाचा प्रश्न येतो आणि याही बाबतीत गोल्फकडून शिकण्यासारखे आहे. या खेळात आपल्या फटक्यांची नोंद बरोबरचा खेळाडू करतो आणि फेरी संपल्यावर ती तपासून आपण सही करायची असते. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचे रॉबर्टो दे व्हिसेन्झो यांच्या पत्रिकेवर तीनऐवजी चार फटके लिहिले गेले. त्यांनी ते न पाहता सही केली. सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते तरी नियमानुसार लिहिलेला आकडाच कायम राहिला आणि अजिंक्यपदासाठीची बरोबरी त्यांच्या हातून गेली. सहीची किंमत एवढी असते. आपल्या ताळेबंदावर विश्वस्तांच्या सह्या असतात. राखीव निधीतून खर्च झालेला प्रत्येक रुपया कोणत्या कारणासाठी गेला, हे अहवालात स्वतंत्रपणे छापले गेले पाहिजे. तरच तो निधी मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आता माझी मागणी. आपल्या देणगीदारांच्या यादीत अनेक नावांपुढे ‘स्मरणार्थ’ हा शब्द आहे. कोणी आईच्या, कोणी वडिलांच्या, तर कोणी लेकराच्या स्मरणार्थ देणगी दिली आहे. यांपैकी बहुतेक रकमा खोली, खाट किंवा यंत्र यांसाठी दिल्या जातात आणि त्यावर नावाची पाटी लागते. त्या पाट्यांबद्दल मला आदरच आहे. त्यांच्यामुळेच ही वास्तू उभी आहे. परंतु काही गरजा अशा आहेत की ज्यांवर पाटी लावता येत नाही. आजारी मुलाला रात्री नागपूरला नेण्याचे गाडीभाडे, त्याच्या आईवडिलांचे तेथील जेवण आणि मुक्काम, बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई. आणि सर्वांत अवघड म्हणजे, मूल वाचले नाही तर त्याला सन्मानाने गावी परत आणण्याची व्यवस्था. दुःखाच्या त्या घटकेला गाडीवाल्याशी भाव करण्याची वेळ कोणत्याही पित्यावर येऊ नये.

या गरजांसाठी राखीव निधीत ‘बालरुग्ण साहाय्य’ असे स्वतंत्र खाते उघडावे, त्याची मूळ रक्कम विश्वस्तांच्या ठरावाशिवाय अन्य कामासाठी काढली जाऊ नये आणि स्मरणार्थ येणाऱ्या देणग्यांचा काही भाग देणगीदारांच्या संमतीने त्यात वळवावा, असा प्रस्ताव मी विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. एखाद्या वर्षी त्यातील पैसा फारसा वापरला गेला नाही, तर ते वर्ष आपल्या मुलांना चांगले गेले असे समजून आपण आनंद मानावा आणि पैसा तसाच ठेवावा.

या खात्याला देणगी देणाऱ्यांना पावती मिळेल, अहवालात नाव मिळेल. ज्याच्यासाठी पैसा खर्च होईल त्या मुलाची भेट मात्र बहुधा होणार नाही. कदाचित त्या मुलाचा जन्म अजून व्हायचा असेल. एटापल्लीच्या एखाद्या पाड्यात ते जन्मेल, कधीतरी मध्यरात्री त्याला ताप चढेल आणि त्याची आई त्याला खांद्यावर घेऊन आपल्या दारात येईल. त्या वेळी दिवा लागलेला असावा, गाडीत डिझेल असावे आणि शीतकपाटात औषध असावे. एवढ्याचसाठी ताळेबंदातील ती ओळ आहे.